ग्रामपंचायतीतले नेट महिन्यात किती तास चालते ते मोजा आणि जाहीर करा : मराठवाड्याच्या प्रशासनाला खुले पत्र

प्रति,
मा. विभागीय आयुक्त, छत्रपती संभाजीनगर,
मराठवाड्यातील आठही जिल्ह्यांचे मा. जिल्हाधिकारी
आणि जिल्हा परिषदांचे मा. मुख्य कार्यकारी अधिकारी

सविनय नमस्कार.

आम्ही गावोगाव फायबर जोडणारे आणि दुरुस्त करणारे तंत्रज्ञ, सेवा केंद्रे चालवणारे आणि शेतकरी गटांच्या नोंदी ठेवणारे लोक आहोत. गावात नेट बंद पडले की माणसे आधी आमच्या दारात येतात. नेट का बंद आहे, कधी येईल आणि तोवर मुदत संपली तर काय करायचे, या तीन प्रश्नांपैकी पहिल्याचे उत्तर आम्हाला बहुतेक वेळा ठाऊक असते. उरलेल्या दोन प्रश्नांची उत्तरे तुमच्या हातात आहेत. पत्र उघडपणे लिहितो आहोत, कारण ग्रामसभेत बसणाऱ्या माणसालाही यातली प्रत्येक गोष्ट कळली पाहिजे.

आज मराठवाड्यातल्या शेतकऱ्याचे आणि मजुराचे कोणते काम नेटशिवाय होते ते पाहा. पीक पाहणी २०२१ पासून मोबाइलवर आहे. शेतकरी ओळख क्रमांक एप्रिल २०२५ पासून कृषी योजनांसाठी सक्तीचा झाला. हमीभावाने सोयाबीन विकायचे तर आधी ऑनलाइन नोंदणी. सौर कृषी पंपाचा अर्ज ऑनलाइन. रेशन दुकानात ई-पॉसवर अंगठा. अंगणवाडीत पोषण ट्रॅकर. रोजगार हमीच्या कामावर दिवसातून दोनदा फोटोसह हजेरी. २०२५ च्या सप्टेंबरात अतिवृष्टीने खरीप वाहून गेला, तेव्हा ज्यांच्याकडे शेतकरी ओळख क्रमांक नव्हता त्यांना मदतीसाठीही ई-केवायसी करावी लागली.

या सगळ्याला आमचा विरोध नाही. सातबारा घरबसल्या मिळतो, पैसे थेट खात्यावर येतात, तालुक्याच्या चकरा वाचतात, हे आम्ही रोज पाहतो. आमची तक्रार एकच आहे. सेवा ऑनलाइन करताना सक्ती गावावर आली, पण गावातले नेट चालू ठेवण्याची सक्ती कोणावरच आली नाही. जोडणी बंद असल्याचा भुर्दंड ज्याच्याकडे सर्वांत कमी आहे तोच भरतो. शाश्वत विकासाच्या गप्पा आपण ज्या गावांविषयी मारतो, तिथे पहिली गळती इथे आहे.

पैसा आणि धोरण नाही, असे म्हणता येणार नाही. ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याची केंद्राची योजना ऑक्टोबर २०११ मध्ये मंजूर झाली, २०१५ मध्ये तिचे नाव भारतनेट झाले. दुसऱ्या टप्प्यात महाराष्ट्राने महानेट या नावाने काम स्वतःकडे घेतले. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्राने सुधारित भारतनेटला १,३९,५७९ कोटी रुपये मंजूर केले. त्यात तालुका ते ग्रामपंचायत ही जोडणी वर्तुळाकार करायची, म्हणजे एका बाजूने केबल तुटली तरी दुसरीकडून सेवा चालू राहावी, आणि दहा वर्षे देखभाल करायची, असे ठरले आहे. कागदावर याहून चांगली योजना मागता येणार नाही.

पण आढाव्याच्या बैठकीत विचारले काय जाते? किती किलोमीटर केबल टाकली आणि किती ग्रामपंचायती जोडल्या. नळयोजनेची टाकी बांधून झाली की योजना पूर्ण म्हणावी आणि नळाला पाणी येते का ते कोणी पाहू नये, असा हा हिशेब आहे. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर डबा लागला त्या दिवशी ते गाव यादीत ‘पूर्ण’ होते. दोन महिन्यांनी रस्त्याच्या कामात केबल तुटली तरी ते यादीतून निघत नाही.

चालू तास मोजायला नवे सर्वेक्षण लागत नाही, नवे ॲप तर मुळीच नको. आकडे आजच यंत्रात पडून आहेत. तालुक्याच्या ठिकाणी बसवलेल्या यंत्राला ओएलटी म्हणतात आणि ग्रामपंचायतीतल्या डब्याला ओएनटी. कोणता ओएनटी किती वाजता गेला आणि किती वाजता परत आला, याची नोंद ओएलटी ठेवते. तो का गेला हेही बऱ्याच अंशी कळते. वीज गेली तर ओएनटी बंद पडण्याच्या क्षणी एक शेवटचा संदेश पाठवतो, त्याला ‘डाइंग गॅस्प’ म्हणतात. असा संदेश न येता ओएलटीच्या एकाच पोर्टवरचे (म्हणजे एकाच मुख्य धाग्यावरचे) पाच-सहा ओएनटी एकदम गायब झाले, तर केबल तुटली आहे. एकच गेला आणि संदेश नाही, तर त्या गावाच्या फाट्यापासून पुढे दोष आहे. म्हणजे कोणत्या गावात वीजतंत्री पाठवायचा आणि कोणत्या गावात स्प्लायसिंगवाला (तुटलेले फायबर जोडणारा), हे तालुक्यात बसून ठरवता येते. ही नोंद तुम्ही दर महिन्याला मागवलीत तर निम्मे काम झाले.

आता जोडणी का बंद पडते ते सांगतो. ‘तांत्रिक कारण’ एवढ्या दोन शब्दांत ते नेहमी गुंडाळले जाते, पण ही कारणे ठरलेली आहेत आणि प्रत्येकावर उपाय आहे.

सर्वांत मोठे कारण खोदाई. फायबरचा डक्ट (केबल ज्यातून जाते ती नळी) साध्या जमिनीत १.६५ मीटर खोल टाकायचा, असे प्रमाण आहे. रस्त्याकडेची नाली किंवा पाण्याची पाइपलाइन साधारण मीटरभर खोल जाते. नियमाने टाकलेली केबल अशा चराने तुटायलाच नको. ती तुटते, याचा अर्थ मूळ काम उथळ झाले, किंवा खाली काळा पाषाण लागला आणि तिथे वरून काँक्रीटचे किंवा लोखंडी पाइपचे संरक्षण दिले गेले नाही. मराठवाड्यात दर काही किलोमीटरला पाषाण लागतो, हे अंदाजपत्रक करणाऱ्याला माहीत असायला हवे. खोदाईपूर्वी सूचना देण्यासाठी केंद्राने मार्च २०२३ मध्ये ‘कॉल बिफोर यू डिग’ हे ॲप आणले. खोदणाऱ्याने जागा टाकली की तिथे ज्याची केबल किंवा पाइप आहे त्याला निरोप जातो. पण हे तेव्हाच चालते, जेव्हा केबलचा मार्ग नकाशावर खरा नोंदलेला असतो आणि जेसीबी लावणाऱ्या ठेकेदाराला ती सूचना दिल्याशिवाय काम सुरू करता येत नाही. दोन्हींची सक्ती तुमच्या कार्यालयातून होऊ शकते, कारण रस्ता, पाणीपुरवठा आणि केबल या तिन्ही कामांच्या परवानग्या शेवटी जिल्ह्यातच येऊन मिळतात.

दुसरे कारण आपली जमीन. काळी भारी जमीन पावसात फुगते आणि मार्च-एप्रिलमध्ये हातभर रुंद भेगा पडतात. या हालचालीत डक्ट ओढला जातो, जोडांवर ताण येतो. चेंबरमध्ये पाणी भरते, आणि जॉइंट क्लोजरचे (जोड झाकणाऱ्या डब्याचे) सील नीट बसलेले नसेल तर ते आत शिरते. उपाय साधा आहे : डक्टखाली आणि वर वाळू-मुरमाचा थर, प्रत्येक चेंबरमध्ये दहा-पंधरा मीटर केबलचा मोकळा वेटोळा, आणि पावसाळ्यापूर्वी एकदा चेंबर उघडून पाहणी. वेटोळा ठेवलेला नसला की तुटलेल्या जागी केबल ओढून घेता येत नाही. मग मध्ये नवा तुकडा घालावा लागतो आणि एका तुटीचे दोन जोड होतात.

जोडांचा हिशेब जरा तपशिलाने मांडतो, कारण ‘लाइन चालू दाखवते पण नेट येत नाही’ ही तक्रार इथे जन्माला येते. डीबीएम म्हणजे प्रकाशाची किंवा सिग्नलची ताकद मोजण्याचे माप; आकडा जितका जास्त उणे तितकी ताकद कमी, आणि वाटेतली घट डेसिबलमध्ये मोजतात. तालुक्यातून साधारण +३ डीबीएम ताकदीचा प्रकाश निघतो असे धरा. १५ किलोमीटर केबलला किलोमीटरमागे ०.३५ डेसिबल या दराने सव्वापाच डेसिबल जातात. एका धाग्यातला प्रकाश सोळा वाटांत वाटणाऱ्या एकास सोळा स्प्लिटरला सुमारे चौदा. चार कनेक्टरांना मिळून दोन. सात चांगल्या जोडांना ०.७. गावात पोहोचतो उणे १९ डीबीएम. ओएनटी साधारण उणे २७ पर्यंत तग धरतो. म्हणजे हाताशी आठ डेसिबलची शिल्लक आहे. प्रकाश सहापट कमी झाला तरी चालेल, इतकी ही शिल्लक मोठी आहे. नीट मशीनने केलेला जोड ०.१ डेसिबलच्या आत खातो, तेव्हा दहा तुटी झाल्या तरी दोनच डेसिबल जातील. पण स्प्लायसिंग मशीनचे इलेक्ट्रोड झिजलेले, धागा स्पिरिटने न पुसता कापलेला, धुळीत उघड्यावर काम, अशा घाईच्या जोडाला अर्धा ते एक डेसिबल जातो. अशा पाच-सहा तुटी झाल्या की शिल्लक संपते. मग उन्हाने, ओलाव्याने किंवा चेंबरमध्ये केबल जरा जास्त वाकली तरी गाव बंद. म्हणून ‘दुरुस्त केले’ एवढा शेरा पुरेसा नाही. दुरुस्तीनंतर गावात किती डीबीएम प्रकाश पोहोचतो, तो आकडा पॉवर मीटरने मोजून दुरुस्तीच्या पावतीवर लिहिला गेला पाहिजे. आकडा उणे २४ च्या खाली असेल तर ती दुरुस्ती नापास.

तिसरे कारण वीज, आणि हे सर्वांत स्वस्तात सुटण्यासारखे आहे. ओएनटी आणि राउटर मिळून साधारण २५ वॅट घेतात. त्यासोबत येणाऱ्या शिशाच्या बॅटऱ्या आपल्या उन्हाळ्यात टिकत नाहीत. २५ अंशांच्या वर दर दहा अंशांना अशा बॅटरीचे आयुष्य साधारण निम्मे होते, आणि पत्र्याखालच्या खोलीत मे महिन्यात चाळीसच्या वर पारा असतो. रोज पूर्ण रिकामी होणारी बॅटरी तर वर्षभरातच मरते. १२.८ व्होल्ट, ३० अँपिअर-तासाची लिथियम फेरो-फॉस्फेट बॅटरी ३८४ वॅट-तास साठवते. त्यातले ८० टक्के वापरले तरी ही दोन यंत्रे बारा तास चालतात. सोबत १०० वॅटचे सौर पॅनेल दिले तर भारनियमनाचा प्रश्न गावापुरता मिटतो. पण याआधी एक प्रशासकीय अडचण आहे. ग्रामपंचायतीचे वीजबिल थकले की कार्यालयाची जोडणी तोडली जाते आणि त्याच मीटरवर नेटचा डबा असतो. पथदिव्यांच्या थकबाकीसाठी गावाचे रेशन, विमा आणि दाखले बंद पडू नयेत. या यंत्रांना वेगळा छोटा मीटर द्या. २५ वॅट चोवीस तास म्हणजे महिन्याला १८ युनिट. एवढ्या बिलासाठी गाव अंधारात ठेवणे परवडणारे नाही.

चौथे कारण शेवटचे शंभर मीटर. ग्रामपंचायतीत १०० एमबीपीएस पोहोचले तरी शाळा, उपकेंद्र, अंगणवाडी आणि ग्राम महसूल अधिकाऱ्याचे कार्यालय कोरडेच राहते. मग कोणी हौसेने दीडशे-दोनशे मीटर कॅट-६ ही तांब्याची वायर खांबावरून ओढतो. ती वायर १०० मीटरपर्यंतच चालण्यासाठी बनलेली असते. त्यापुढे वेग कोसळतो, आणि पहिल्याच वळवाच्या पावसात वीज कडाडली की तांब्यातून आलेला झटका दोन्ही टोकांचे पोर्ट जाळतो. मराठवाड्यात वळवात विजा किती पडतात ते वेगळे सांगायला नको. दुसरी चूक म्हणजे त्याच धाग्यावर आणखी एक स्प्लिटर बसवणे. वरचाच हिशेब घ्या : उणे १९ वर एकास आठचा स्प्लिटर लावला की आणखी साडेदहा डेसिबल जातात, उणे साडेएकोणतीस होते आणि एकही ओएनटी उठत नाही. बरोबर पद्धत अशी : ओएनटीच्या पुढे एक छोटा स्विच, तिथून प्रत्येक इमारतीपर्यंत स्वतंत्र दोन धाग्यांची फायबर, दोन्ही टोकांना मीडिया कन्व्हर्टर (फायबर आणि तांब्याची वायर यांची सांगड घालणारा डबा). फायबरमधून विजेचा झटका जात नाही. पण आधाराची तार असलेली केबल घेतली असेल तर ती तार इमारतीबाहेरच तोडून तिला अर्थिंग द्यावे लागते, हे सहसा विसरले जाते.

‘गावात आता सगळ्यांकडे मोबाइल आहे, फायबर हवे कशाला?’ असे अधिकारीही विचारतात. त्याचे उत्तर अपलोडमध्ये आहे. टॉवर वीस-चाळीस वॅटने प्रक्षेपण करतो, तुमच्या हातातला फोन जास्तीत जास्त ०.२ वॅटने. म्हणून टॉवरचे फोनला ऐकू येते, पण फोनचे टॉवरला येत नाही. पडद्यावर दोन काड्या दिसतात, व्हिडिओही अडखळत चालतो, पण पिकाचा फोटो जात नाही. बालाघाटच्या घळींमध्ये, आष्टी-पाटोद्याच्या वाड्यांवर, किनवट-माहूरच्या तांड्यांवर डोंगराची सावली पडते आणि सिग्नल उणे ११५ डीबीएमच्या खाली जातो. तिथे सरकारची बहुतेक कामे अडतात, कारण त्यांतले जवळपास प्रत्येक काम काही ना काही वर पाठवण्याचे आहे.

आकडा मांडून पाहा. एका गावात ४०० खातेदार, प्रत्येकाचे जमिनीचे दोन गट, गटाला दोन फोटो, फोटो ३०० केबीचा असे धरले तर ४८० एमबी माल वर जायचा आहे. कमजोर मोबाइल सिग्नलवर ०.३ एमबीपीएस अपलोड मिळाला तर सगळ्या गावाला मिळून साडेतीन तास अखंड लागतील, तेही एकही प्रयत्न वाया न जाता. प्रत्यक्षात निम्मे प्रयत्न मध्येच तुटतात आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू होतात. ग्रामपंचायतीच्या १०० एमबीपीएस लाइनवर हेच काम एका मिनिटाच्या आत होते. फोटो शेतात काढावा, अक्षांश-रेखांश आणि वेळ फोनमध्ये साठावी, आणि अपलोड ग्रामपंचायतीच्या वायफायवर व्हावे, एवढीच सोय पुरेशी आहे. मात्र मुदत फोटो काढल्याच्या वेळेवरून मोजली गेली पाहिजे. अपलोडच्या वेळेवरून मोजली तर रेंज नसलेला शेतकरी कायम मागे राहणार.

नेटचा आणि पाण्याचा संबंध मराठवाड्याला तरी समजावून सांगावा लागू नये. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले होते. तशी वेळ पुन्हा येऊ द्यायची नसेल तर पाऊस, विहिरींची पातळी आणि पिकांखालचे क्षेत्र यांचे गावनिहाय आकडे वेळेवर हवेत, म्हणजे रब्बीत ऊस वाढवायचा की हरभरा-करडई घ्यायची याचा ताळेबंद गावाला ऑक्टोबरातच करता येईल. महसूल मंडळातले स्वयंचलित हवामान केंद्र आपले आकडे मोबाइल नेटवर्कवरूनच पाठवते. २४ तासांत ६५ मिलिमीटर पाऊस झाला तर मंडळात अतिवृष्टी धरली जाते. ज्या रात्री ढगफुटीसारखा पाऊस पडतो त्याच रात्री वीज जाते, टॉवरची बॅटरी संपते आणि आकडा अडकतो. मंडळातल्या सगळ्या गावांची मदत ज्या एका आकड्यावर ठरते, त्याला दुसरा मार्ग नाही. या केंद्रांपैकी जी ग्रामपंचायत किंवा शाळेच्या आवारात आहेत ती फायबरला जोडणे हे काही तासांचे काम आहे.

सौर पंपांचेही तसेच. पंपाच्या कंट्रोलरमध्ये सिम असते, त्यातून पंप किती चालला याची माहिती दूरवर जाते आणि बिघाडही तिथे दिसतो. जिथे रेंज नाही तिथे पंप चालू असूनही बंद दिसतो आणि बंद पडला तरी कोणाला कळत नाही. डिझेल आणि वीज वाचवण्यासाठी लावलेला पंप दुरुस्तीअभावी सहा महिने शेतात उभा राहिला, तर शेतकरी पुन्हा जुन्या मोटारीकडे वळतो.

उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्याने ई-संजीवनीवरून तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या डॉक्टरांशी रुग्णाला बोलते करायचे, ही चांगली सोय आहे. त्याला दोन्ही दिशांना सलग एक एमबीपीएस पुरतो. तेवढाही सलग मिळत नसेल तर गरोदर बाईला चाळीस किलोमीटर जीपने जावे लागते. ग्रामपंचायतींनी शाश्वत विकासाच्या नऊ संकल्पनांवर आराखडा करून ई-ग्रामस्वराज या पंचायतींच्या पोर्टलवर टाकायचा असतो. गावात नेट नसेल तर तो आराखडा तालुक्यात बसून तिसराच माणूस भरतो, आणि गावाच्या गरजेऐवजी मागच्या वर्षीची नक्कल वर जाते. संयुक्त राष्ट्रांनी २०१५ मध्ये ठरवलेल्या सतरा उद्दिष्टांत सर्वांना परवडणारे इंटरनेट आणि महिलांच्या हाती तंत्रज्ञान या दोन्ही गोष्टी आहेत. आपल्याकडे घरातला एकमेव स्मार्टफोन बहुधा पुरुषाच्या खिशात असतो, आधारला जोडलेला नंबरही त्याचाच. ओटीपी त्याच्याकडे जातो आणि अर्ज बाईचा असतो. तो ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात गेला असेल तर काम तिथेच थांबते. बीड, जालना, धाराशिवच्या तांड्यांवर ऑक्टोबर ते मार्च ही परिस्थिती नेहमीची आहे. योजनांच्या मुदती नेमक्या याच महिन्यांत ठेवताना याचा विचार व्हायला हवा.

एक विषय थोडक्यात, पण ठामपणे मांडतो. आंदोलनाच्या काळात मराठवाड्यातल्या जिल्ह्यांत इंटरनेट बंद ठेवले गेले आहे. कायदा-सुव्यवस्थेचा निर्णय तुमचा. परंतु नेटवरून चालणारे व्यापार आणि अभिव्यक्ती यांना घटनेचे संरक्षण आहे, आणि बंदीचा आदेश प्रसिद्ध झाला पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने अनुराधा भसीन खटल्यात १० जानेवारी २०२० रोजी सांगितले आहे. बंदी लावाल तेव्हा त्या काळात संपणाऱ्या प्रत्येक मुदतीला वाढ देणारा आदेशही त्याच वेळी निघाला पाहिजे. मोंढ्यात त्या दिवशी ज्याचा माल उतरला त्याचे पैसे कसे द्यायचे, रेशनचा अंगठा कसा घ्यायचा, हेही त्यात असावे.

३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ई-केवायसीसंबंधी निकाल देताना डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणे हा जगण्याच्या अधिकाराचा भाग मानला. आपल्या राज्यात लोकसेवा हक्क कायदा २०१५ पासून आहे : मुदतीत सेवा दिली नाही तर अपील आहे, दंड आहे. मात्र ‘सर्व्हर डाऊन’ म्हणून अर्जच घेतला नाही तर अपील कशाच्या आधारावर करायचे? पावती नाही म्हणजे अर्ज नाही, अर्ज नाही म्हणजे नकारही नाही. हा कायदा गावाच्या दारात इथे येऊन थांबतो.

आमच्या मागण्या अशा :

१. प्रत्येक ग्रामपंचायतीची जोडणी महिन्यात किती तास चालू होती आणि किती तास कोणत्या कारणाने बंद होती, हे ओएलटीच्या नोंदीवरून काढून दर महिन्याच्या ५ तारखेपर्यंत तालुकानिहाय प्रसिद्ध करावे आणि ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावे. जिल्ह्याच्या आढावा बैठकीत किलोमीटरऐवजी हा तक्ता पहिला यावा.

२. ज्या गावात जोडणी बंद होती तिथे त्या काळातली प्रत्येक ऑनलाइन मुदत तितक्याच दिवसांनी आपोआप वाढावी. त्यासाठी शेतकऱ्याला अर्ज करायला लावू नये.

३. नेट किंवा सर्व्हर बंद असेल तर कागदी अर्ज घेऊन तारीख-वेळेसह पावती द्यावी आणि तीच लोकसेवा हक्क कायद्याखाली अर्जाची तारीख मानावी. रेशनला अंगठा लागला नाही तर वहीत नोंद करून धान्य त्याच दिवशी द्यावे.

४. दर तालुक्याला एक पूर्ण दुरुस्ती संच आणि दोन प्रशिक्षित माणसे असावीत : ओटीडीआर (केबल किती अंतरावर तुटली ते दाखवणारे यंत्र), स्प्लायसिंग मशीन, पॉवर मीटर, क्लीव्हर (धागा कापण्याचे हत्यार), किमान दोन किलोमीटर केबल, दहा जॉइंट क्लोजर, पाच जादा ओएनटी आणि पाच बॅटऱ्या. तालुक्याचा मुख्य मार्ग २४ तासांत, गावाचा फाटा ४८ तासांत चालू व्हावा. देखभालीचे देयक चालू तासांवरून निघावे, दुरुस्तीनंतरच्या डीबीएमच्या नोंदीशिवाय निघू नये.

५. खोदाईच्या कोणत्याही परवानगीला ‘कॉल बिफोर यू डिग’ची नोंद जोडणे बंधनकारक करावे. केबल तुटली तर दुरुस्तीचा खर्च ठेकेदाराच्या अनामत रकमेतून वळता व्हावा. जुन्या मार्गांचे ओटीडीआर आणि जीपीएसने पुन्हा नकाशे करावेत, कारण आजच्या नकाशांवर विसंबून खड्डा खणला तर केबल भलतीकडेच सापडते.

६. नेटच्या यंत्रांना वेगळा मीटर, लिथियम बॅटरी आणि सौर पॅनेल द्यावे. सुरुवात ज्या गावांत ‘वीज नाही’ हे कारण सर्वांत जास्त तास दिसते तिथून करावी.

७. शाळा, उपकेंद्र, अंगणवाडी, रेशन दुकान आणि हवामान केंद्र यांना ग्रामपंचायतीतून फायबरने जोडावे. तांब्याची वायर इमारतीच्या आतच वापरावी.

८. डोंगरी वाड्या आणि तांड्यांची मोबाइल सिग्नलची मोजणी ग्रामसभेसमोर करावी, फक्त डाउनलोडची नव्हे, अपलोडचीही, आणि तीही उंबऱ्यात उभे राहून नव्हे तर शेतात. चारचाकी रस्त्यावरून फिरवून केलेली मोजणी आम्हाला मान्य नाही.

यातली पहिली, दुसरी, तिसरी आणि नकाशांचा भाग सोडून पाचवी मागणी मान्य करायला रुपयाही नवा लागत नाही. एक परिपत्रक पुरेसे आहे. जिथे मुदत राज्य किंवा केंद्र ठरवते तिथे तुमच्या शिफारशीचे पत्र आणि सोबत चालू तासांचा तक्ता गेला, तर नाही म्हणणे त्यांनाही अवघड होईल.

खरिपाची पीक पाहणी १ ऑगस्टच्या सुमारास सुरू होते. त्याआधी, १५ जुलैपर्यंत, निदान एका जिल्ह्यातल्या एका तालुक्याचा जून महिन्याचा तक्ता प्रसिद्ध करावा. तालुका तुम्ही निवडा. ओएलटीची नोंद कशी उतरवायची, डाइंग गॅस्प आणि केबलतुटीच्या नोंदी कशा वेगळ्या करायच्या, हे तुमच्या कर्मचाऱ्यांना शिकवायला आम्ही स्वखर्चाने येऊ. तक्त्यात जी गावे तळाला दिसतील त्यांच्या पाहणीला पॉवर मीटर घेऊन सोबत येऊ. उत्तर याच पत्रासारखे जाहीरपणे द्यावे, ही विनंती.

आपले,
मराठवाड्यातील फायबर तंत्रज्ञ, सेवा केंद्र चालक आणि शेतकरी गटांचे नोंदणी कार्यकर्ते